टॅब्लेटवर डॉस: बायोस आणायचा कुठून?

विंडोजच्या आधीची, अक्षरी पडद्यावर चालणारी डॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्यावरचे जुने प्रोग्राम टॅब्लेटवर चालवायचे आहेत. डॉसला लागतं किती? ६४० किलोबाइट मेमरी, दोन-चार मेगाबाइट डिस्क आणि एक कीबोर्ड. आज आपण ज्या टॅब्लेटबद्दल बोलणार आहोत, तो २०१४-१५ च्या सुमाराचा, इंटेल अ‍ॅटम झेड३७३५एफ चिपवरचा, विंडोज ८.१ घेऊन विकलेला आठ इंची टॅब्लेट. त्यात २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण आणि चार कोर आहेत. प्रोसेसर एक्स८६ कुळातलाच, म्हणजे डॉसची भाषा त्याला जन्मजात येते. तरीही फ्रीडॉसचा, म्हणजे डॉसच्या मुक्त आवृत्तीचा, पेनड्राइव्ह लावून टॅब्लेट सुरू केला, तर बूटच्या यादीत तो पेनड्राइव्ह दिसतसुद्धा नाही. अनेक जण इथे पेनड्राइव्ह पुन्हापुन्हा बनवत बसतात. पेनड्राइव्ह बहुधा ठीक असतो. यंत्रात बायोसच, म्हणजे यंत्र जागं करून प्रोग्रामांना पडदा, डिस्क, कीबोर्ड वापरू देणारा मूळ प्रोग्रामच, नसतो.

डॉसचं जवळजवळ सगळं काम बायोसच्या जिवावर चालतं. त्याला क्रमांकाने हाक मारायची, त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात: पडद्यावर अक्षर काढायला इंटरप्ट १०, डिस्क वाचायला १३, कळ दाबली का हे पाहायला १६. हे हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाचे) आकडे जुन्या प्रोग्रामरांना अजून पाठ असतील. या टॅब्लेटच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, फक्त यूईएफआय हा बायोसचा नवा वारस आहे. पेनड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरमधला बूट कोड ते चालवतच नाही. फॅट विभागातल्या ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘बूट’ फोल्डरात ठरावीक नावाची फाइल आहे का, एवढंच ते शोधतं. शिवाय डॉसच्या काळातले प्रोग्राम बायोसलाही वळसा घालत. वेग मिळावा म्हणून फॉक्सप्रोसारखे (नोंदी आणि हिशेब ठेवणारे) प्रोग्राम थेट बी८०० या पत्त्यावरच्या व्हिडिओ मेमरीत लिहीत. म्हणून निव्वळ बायोस पुरवून भागत नाही. व्हीजीए (जुनं पडदा-कार्ड), टायमर, कीबोर्ड कंट्रोलर, प्रिंटर पोर्ट, असा अख्खा जुना पीसी उभा करावा लागतो. तो कोणत्या थरावर उभा करायचा, हा निर्णय आधी घ्यायचा. बाकीच्या पायऱ्या त्यावरून ठरतात.

ज्याच्याकडे थिंकपॅड एक्स६१ टॅब्लेटसारखं २००७ च्या पिढीचं, पडदा फिरवून पाटीसारखं धरता येणारं यंत्र आहे, त्याला थरांची गरजच नाही. त्यात खरा बायोस आहे, खरं व्हीजीए आहे, फ्रीडॉस सरळ चालू होतो. फक्त पेन चालत नाही. त्या यंत्रात पेन ओळखणारा वॅकॉमचा डिजिटायझर सिरियल पोर्टवर बसवलेला आहे आणि तो स्वतःच्या पद्धतीने बोलतो. डॉसमधला क्यूटमाउस ड्रायव्हर मायक्रोसॉफ्ट, लॉजिटेक वगैरे माउसच ओळखतो. कीबोर्डच्या मधली, बाण हलवणारी लाल टोपी मात्र पीएस/२ माउस म्हणून व्यवस्थित चालते.

अ‍ॅटम टॅब्लेटवर थेट डॉस चढवायचाच, असा हट्ट असेल तर सीएसएमरॅप नावाचा प्रकल्प आहे. यूईएफआयच्या आत तो सीबायोस हा मुक्त बायोस जागा करतो. प्रयोग म्हणून सुंदर. पण ग्राफिक्स चिपचा जुना व्हिडिओ बायोस उपलब्ध नसेल, तर फ्रेमबफरवर, म्हणजे पडद्याच्या ठिपक्यांच्या मेमरीवर, अक्षरं रंगवणारा पर्यायी बायोस वापरावा लागतो, आणि थेट बी८०० मध्ये लिहिणाऱ्या प्रोग्रामचा पडदा कोरा राहतो. म्हणजे ज्या प्रोग्रामसाठी एवढा खटाटोप केला, नेमका तोच दिसत नाही. ध्वनीही मिळत नाही: या टॅब्लेटचा आवाज वेगळ्या कोडेक चिपमधून येतो, आणि डॉसमध्ये साउंड ब्लास्टर या जुन्या ध्वनी-कार्डाचा आभास निर्माण करणाऱ्या एसबीईएमयूसारख्या साधनांना ती चिप ठाऊक नाही. रोजच्या कामासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

आणखी एक मार्ग लोकांच्या लक्षात येत नाही, कारण तो फारच सोपा आहे. या टॅब्लेटवरचं मूळ विंडोज ३२ बिटचं असतं, आणि ३२ बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम, म्हणजे १६ बिट प्रोग्राम चालवणारा घटक, अजून आहे. तो चालू करण्याची परवानगी द्यायची, बस. अक्षरी पडद्याचा एखादाच हिशेबाचा प्रोग्राम चालवायचा असेल तर तेवढ्यावर काम होतं. पूर्ण पडदाभर ग्राफिक्स मात्र चालत नाही; व्हिस्तापासूनच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांनी ती सोय काढून टाकली. टर्बो सी या प्रोग्रामिंगच्या साधनात बीजीआयची, म्हणजे त्याच्या ग्राफिक्स सोयीची, वर्तुळं काढायची असतील तर हा मार्ग बंद.

आता मुख्य मार्ग: खाली लिनक्स, त्यावर कृत्रिम पीसी, त्यात डॉस.

पहिली अडचण विजेची. टॅब्लेटला एकच मायक्रो यूएसबी पोर्ट असतो. त्यावर ओटीजी हब (अनेक यूएसबी उपकरणं जोडणारा) लावला की बहुतेक मॉडेलांत चार्जिंग थांबतं. म्हणून बॅटरी पूर्ण भरून घ्या. हबला स्वतःचा अडॅप्टर असेल तर उत्तम, कारण पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड दोघांची वीज टॅब्लेटमधून ओढली जात नाही. पहिल्या टप्प्यात कीबोर्ड तारेचाच हवा; फर्मवेअरच्या पडद्यावर ब्लूटूथ कीबोर्डचा उपयोग नाही.

फर्मवेअरमध्ये शिरायची कळ मॉडेलगणिक बदलते, म्हणून विंडोजमधूनच जा: शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. तिथे सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारं बंधन, बंद करा. इथेच दुसरा सापळा आहे. प्रोसेसर ६४ बिटचा, पण फर्मवेअर ३२ बिटचं. त्याला ‘बूटआयए३२’ नावाची फाइल लागते. बऱ्याच लिनक्स वितरणांत फक्त ‘बूटएक्स६४’ असते, आणि मग पुन्हा तोच रिकामा बूट मेनू. डेबियन १२ च्या ६४ बिट प्रतिमेत दोन्ही फाइली आहेत आणि वायफायला लागणारी फर्मवेअरही प्रतिमेतच आहे, म्हणून ती घ्यायची. प्रतिमा पेनड्राइव्हवर जशीच्या तशी लिहायची. ‘पेनड्राइव्ह सुधारून देतो’ म्हणणारी साधनं कधीकधी नेमकी ती ३२ बिट फाइल गाळतात. डेस्कटॉप हलका निवडा, एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई. २ जीबी रॅममध्ये ग्नोम बसतो, पण आपल्यासाठी जागा ठेवत नाही.

चढवून झाल्यावर तीन गोष्टी हमखास बिघडतात.

पडदा आडवा पडलेला दिसतो, कारण काचेमागचं पॅनल मुळात उभं, ८०० बाय १२८० चं असतं. लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, ‘एफबीकॉन रोटेट’ १ किंवा ३ सांगितलं की अक्षरी कन्सोल सरळ होतो. डेस्कटॉप वेगळा फिरवावा लागतो, आणि पडदा फिरवला तरी स्पर्श फिरत नाही. डावीकडे बोट लावलं की बाण वर जातो. स्पर्शाच्या यंत्रणेला नवं निर्देशांकांचं कोष्टक वेगळं द्यावं लागतं. गुडिक्सची स्पर्शचिप असेल तर एवढ्यावर निभावतं. सिलीडची असेल तर कर्नलच्या यादीत तुमचं मॉडेल असायला हवं आणि त्या पडद्यासाठीची फर्मवेअर फाइलही हवी. ती मूळ विंडोजच्या ड्रायव्हरमधून काढता येते, म्हणून विंडोज पुसण्याआधी ड्रायव्हरांचं फोल्डर बाजूला ठेवाच.

तिसरी गोष्ट जास्त छळते. टॅब्लेट मधूनच गोठतो. बाण हलत नाही, काही नाही. या पिढीच्या चिपांचा हा कुप्रसिद्ध दोष आहे: कोर खोल झोपेच्या अवस्थेत जातात आणि तिथेच अडकतात. कर्नलच्या बूट ओळीत ‘इंटेल आयडल मॅक्स सीस्टेट’ १ वर बांधला की गोठणं थांबतं. मोबदला बॅटरीत मोजावा लागतो. नव्या कर्नलांत सुधारणा झाल्या आहेत, तेव्हा आधी हे बंधन न घालता चालवून पाहा. गोठला तरच घाला.

आता कृत्रिम पीसी. क्यूईएमयू पूर्ण पीसी उभा करतो, त्याच्या आत सीबायोसच असतो, आणि त्यात फ्रीडॉस रीतसर इन्स्टॉल करता येतो. शुद्धतावाद्यांनी हेच करावं. पण टॅब्लेटवर रोज वापरायला डॉसबॉक्स-एक्स जास्त सोयीचा, लिनक्सच्या फ्लॅटहब या भांडारावरून मिळतो. त्याचा स्वतःचा डॉस आतच असतो आणि लिनक्समधलं फोल्डर त्याला सी ड्राइव्ह म्हणून दाखवता येतं. डिस्क प्रतिमेतून खरा फ्रीडॉस त्यात बूट केला, तर ते फोल्डर थेट वापरता येत नाही, कारण ती सोय त्याच्या आतल्या डॉसची आहे. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी घडवलेला आहे; छपाई आणि कार्यालयीन कामाची काळजी एक्स आवृत्तीने जास्त घेतली आहे. एकाच डेटाबेसवर दोन जण एकाच वेळी काम करणार असतील, तर फाइल लॉकिंग जास्त काटेकोरपणे सांभाळणाऱ्या डॉसईएमयू२ कडे वळा.

मेमरी १६ एमबी पुरे. ‘जास्त दिलेली बरी’ हा विचार डॉसच्या बाबतीत उलटतो. डिस्कचंही तसंच: जुने प्रोग्राम मोकळी जागा मोजताना २ जीबीच्या पुढे गडबडतात आणि भरपूर जागा असताना ‘डिस्क भरली’ म्हणतात. ५०० एमबीची प्रतिमा बनवा, वाद मिटतो.

वेगाबद्दल जरा थांबून बोलायला हवं. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक प्रोग्राम आजच्या यंत्रावर सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ देऊन मरतात. कारण असं: त्यातलं सीआरटी युनिट, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारा भाग, सुरुवातीला एक रिकामा लूप टायमरच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती वेळा फिरतो हे मोजतं आणि त्या संख्येला ५५ ने भागतं. उत्तर १६ बिटांत मावायला हवं, म्हणजे ६५,५३५ च्या आत. लूप ३६ लाखांहून जास्त वेळा फिरला की उत्तर मावत नाही, आणि प्रोसेसर भागाकाराची चूक जाहीर करतो. डॉसबॉक्स-एक्समध्ये सायकल्सचं मूल्य ‘फिक्स्ड २००००’ ठेवा. याचा अर्थ दर मिलिसेकंदाला २०,००० सूचना. ५५ मिलिसेकंदांत ११ लाख सूचना होतात, मग ३६ लाख फेऱ्यांचा प्रश्नच उरत नाही. त्याच आकड्याने दुसरंही काम होतं. डॉसचे प्रोग्राम कळ दाबली जाण्याची वाट पाहताना स्वस्थ बसत नाहीत, सतत विचारत राहतात. सायकल्स ‘मॅक्स’ ठेवल्या तर एक कोर पूर्ण राबत राहतो, टॅब्लेटची पाठ तापते आणि बॅटरी नुसत्या रिकाम्या मेनूवर संपते.

पडद्याचा हिशेब आधी करून पाहा. आठ इंची, १६:१० पडदा आडवा धरला तर उंची साधारण १०८ मिलिमीटर. २५ ओळी बसवल्या की प्रत्येक ओळीला ४.३ मिलिमीटर; छान वाचता येतं. पडद्यावरचा कीबोर्ड निम्मी जागा खातो, मग ओळ सव्वादोन मिलिमीटरच्याही आत येते. म्हणून पडद्यावरचा कीबोर्ड अडीनडीला. नोंदी करायच्या तर ब्लूटूथ कीबोर्डच हवा, आणि घेताना एफ१ ते एफ१२ कळा एफएन न दाबता चालतात का ते पाहा. टर्बो सीमध्ये कंट्रोल-एफ९ आणि ऑल्ट-एफ५ साठी तीन-तीन बोटं लागायला लागली की माणूस वैतागतो. आउटपुट ‘टीटीएफ’ ठेवलं की अक्षरी पडद्यावर ट्रूटाइप फाँट वापरला जातो आणि अक्षरं धारदार दिसतात. बोटाने बाण नीट हलावा म्हणून माउस ‘इंटिग्रेशन’वर ठेवा आणि ऑटोलॉक बंद करा, नाहीतर बोट एका जागी आणि बाण दुसऱ्याच.

छपाई. प्रोग्राम एलपीटी१ कडे, म्हणजे प्रिंटरच्या पॅरलल पोर्टकडे, अक्षरं आणि एस्केप संकेत पाठवतो. अरुंद अक्षरांसाठीचा सीएचआर १५ फॉक्सप्रोवाल्यांना आठवत असेल. डॉसबॉक्स-एक्समध्ये पॅरलल पोर्ट फाइलकडे वळवा आणि ती फाइल लिनक्सच्या ‘रॉ’ (काही न बदलता पुढे देणाऱ्या) रांगेतून डॉट मॅट्रिक्सकडे पाठवा. रांग ‘रॉ’ नसेल तर मधली गाळणी संकेतांना मजकूर समजते. मग कागदावर चित्रविचित्र चिन्हं उमटतात आणि १३२ रकान्यांचा अहवाल दोन ओळींत तुटतो. लेझर प्रिंटर असेल तर डॉसबॉक्स-एक्सचा आतला आभासी प्रिंटर वापरा.

महाराष्ट्रात एक प्रश्न हमखास येतो: जिस्ट कार्डावरच्या मराठी नोंदींचं काय? पुण्याच्या सी-डॅकचं ते कार्ड पीसीच्या आयएसए खाचेत बसायचं आणि पडद्यावर जाणारा मजकूर देवनागरीत काढायचं. टॅब्लेटला ती खाच नाही आणि डॉसबॉक्समध्ये त्या कार्डाचा आभास नाही. प्रोग्राम चालेल, पण मराठीच्या जागी वरच्या १२८ चिन्हांतल्या रेघा आणि चौकटी दिसतील. माहिती मात्र शाबूत असते. ती इस्की संकेतांत, म्हणजे १९९१ च्या भारतीय मानकानुसार असेल, तर नोंदींची डीबीएफ फाइल लिनक्सकडून वाचून युनिकोडमध्ये बदलता येते. नोंदी मूळ प्रोग्राममध्ये वाचण्याचा नाद सोडा.

अँड्रॉइड टॅब्लेटवर डॉसबॉक्सची अ‍ॅप मिळतात. प्रोसेसर एआरएम असला तरी अक्षरी प्रोग्रामांना वेग पुरतो. पण दोन गोष्टी सांभाळा. अँड्रॉइड ११ पासून अ‍ॅपला स्वतःच्या फोल्डरबाहेर सहज फिरता येत नाही, त्यामुळे डीबीएफ फाइली आत-बाहेर करण्याची वाट सुरुवातीलाच ठरवा. आणि मागे ढकललेलं अ‍ॅप अँड्रॉइड केव्हाही मारून टाकतं. डीबीएफ फाइलच्या शीर्षात एकूण नोंदींची संख्या चार बाइटांत लिहिलेली असते. नोंद जोडली गेली, पण संख्या लिहायच्या आत अ‍ॅप मेलं, तर पुढच्या वेळी नोंद गायब दिसते किंवा इंडेक्स (नोंदींची शोधसूची) जुळत नाही. फोन आला म्हणून अ‍ॅप बदलण्याआधी प्रोग्राममधून बाहेर पडा, डॉसचा प्रॉम्प्ट येऊ द्या, मगच टॅब्लेट ठेवा. तरीही इंडेक्स बिघडलाच, तर रीइंडेक्स करण्याआधी डीबीएफची प्रत काढा; शीर्षातली संख्या चुकीची असेल तर आधी ती दुरुस्त करायची, इंडेक्स नंतर.