एका पिशवीतल्या चार प्रयोगशाळा

(विज्ञान शाखेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘विद्यापीठातलं संशोधन आणि उद्योग’. एवढ्या मोठ्या विषयाचं तासाभरात काही खरं नाही. म्हणून मी एकच वस्तू घेऊन बोलणार आहे. ती म्हणजे एक छोटी प्लास्टिकची पिशवी, रक्तपेढीत दिसते तशी. तिच्यात गोठवलेल्या पेशी असतात आणि त्या रक्ताच्या कर्करोगाच्या एकाच रुग्णासाठी तयार केलेल्या असतात. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला त्या चालत नाहीत. या उपचाराला कार-टी म्हणतात. पवईच्या आयआयटीतून निघालेल्या इम्युनोॲक्ट या कंपनीचं नेक्सकार-१९ हे भारतात विकसित झालेलं असं पहिलं औषध. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली.

पिशवी बनते कशी, ते आधी सांगतो. रुग्णाचं रक्त एका यंत्रातून फिरवून त्यातल्या टी-पेशी वेगळ्या काढतात. टी-पेशी म्हणजे आपल्या शरीराचे पहारेकरी, पण कर्करोगाची पेशी त्यांना ओळखू येत नाही. मग एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर एक नवं जनुक घालून ते या पेशींत पोहोचवतात. हा विषाणू एचआयव्हीच्या कुळातला, हे ऐकून पहिल्यांदा मीही दचकलो होतो. जनुक आत गेलं की पेशीच्या पृष्ठभागावर एक नवा हात फुटतो. हा हात कर्करोगाच्या पेशीवरची सीडी-१९ ही खूण बरोबर पकडतो. अशा पेशी वाढवायच्या, तपासायच्या, गोठवायच्या आणि रुग्णाच्या शिरेतून परत सोडायच्या.

या पिशवीत मला चार प्रयोगशाळा दिसतात. चारही ठिकाणचं ज्ञान संस्थेच्या दारातून बाहेर पडलं, पण प्रत्येक वेळी वेगळ्या कराराने. दारातला तो करारच पुढे ठरवतो की औषध कोण बनवणार, केवढ्याला विकणार आणि कुणापर्यंत पोहोचणार. आज मला एवढंच सांगायचं आहे.

पहिली प्रयोगशाळा कॅलिफोर्नियातली. स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेचे हर्बर्ट बॉयर यांची १९७२ मध्ये होनोलुलूच्या एका परिषदेत गाठ पडली. एका जीवाचं जनुक कापून दुसऱ्यात जोडायची रीत त्यांनी पुढच्या वर्षी सिद्ध केली आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये शोधनिबंध छापला. पेटंटचं कुणाच्या मनातही नव्हतं. स्टॅनफर्डच्या परवाना कार्यालयाचे नील्स रायमर्स यांनी बातमी वाचली ती १९७४ मध्ये, वर्तमानपत्रात. कोहेन सुरुवातीला तयारच नव्हते. त्यांचं म्हणणं, हे काम अनेकांच्या खांद्यावर उभं आहे, ते आमच्या दोघांच्या नावावर कसं घ्यायचं? रायमर्सनी त्यांना पटवलं आणि निबंधाला वर्ष पूर्ण व्हायला आठवडाभर उरला असताना अर्ज दाखल झाला. अमेरिकेचा कायदा छपाईनंतर वर्षभर सवड देतो, म्हणून तिथलं पेटंट वाचलं. बाकीच्या जगात बहुतेक ठिकाणी आधी छापून आलेल्या शोधाला पेटंट मिळत नाही, म्हणून तिथले हक्क त्या निबंधाबरोबरच गेले होते.

हा भाग मी मुद्दाम लांबवून सांगतोय. माझ्या एका विद्यार्थिनीने परिषदेत सुंदर पोस्टर लावलं. सगळं खुलासेवार, अगदी द्रावणाच्या प्रमाणासकट. पोस्टरचं पारितोषिकही तिलाच मिळालं. दोन महिन्यांनी एक उद्योजक आले, म्हणाले, हे मला हवंय. पेटंटची चौकशी केली तर सल्लागारांनी ते पोस्टरच आमच्यासमोर ठेवलं. परिषदेच्या संकेतस्थळावर कधीच चढवलेलं होतं ते. चूक तिची नव्हती. आधी अर्ज आणि मग पोस्टर, हे तिला मी सांगायला हवं होतं. आपल्याकडे तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलत आहे. पैशांचं कारण आता उरलेलं नाही.

पेटंट हातात आल्यावर स्टॅनफर्डने जे केलं, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. एकाच कंपनीला मक्तेदारी दिली नाही. मागेल त्याला परवाना, सुरुवातीचं शुल्क दहा हजार डॉलर, पुढे विक्रीवर अल्प रॉयल्टी. विद्यापीठांतल्या संशोधकांना तर काहीच द्यावं लागत नव्हतं. ४६८ कंपन्यांनी परवाने घेतले. १९९७ मध्ये पेटंट संपेपर्यंत सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलर जमा झाले आणि ते दोन्ही विद्यापीठांत वाटले गेले. मधल्या काळात बॉयर यांनी रॉबर्ट स्वॉन्सन या तरुणाबरोबर १९७६ मध्ये जेनेन्टेक ही कंपनी काढली. तोवर मधुमेहाचं इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढावं लागे. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं.

दुसरी प्रयोगशाळा केंब्रिजमधली, सरकारी पैशावर चालणारी. १९७५ मध्ये सेझार मिलस्टाइन आणि जॉर्ज कोलर यांनी उंदराच्या पेशींचा संकर करून एकाच जातीचं शुद्ध प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक खूण ओळखून तिला चिकटणारं प्रथिन, हवं तेवढं बनवायची युक्ती शोधली. कळवायचं तिथे कळवलंही. ब्रिटनच्या राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाचं उत्तर आलं की याचा तातडीचा व्यावहारिक उपयोग आम्हाला दिसत नाही. पेटंट झालं नाही. १९८४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं आणि आज कर्करोगापासून संधिवातापर्यंतची कितीतरी औषधं याच युक्तीवर उभी आहेत. ब्रिटनमध्ये या प्रसंगाची हळहळ पुढे अनेक वर्षं चालली. मला मात्र पूर्ण हळहळ वाटत नाही. युक्ती मोकळी राहिली म्हणून ती जगभरच्या प्रयोगशाळांत भराभर पसरली. पण मोकळं ठेवायचं तर ते ठरवून ठेवावं, कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून नव्हे.

टी-पेशीला फुटणारा जो हात मी मघाशी सांगितला, त्याचं टोक प्रतिपिंडाच्याच तुकड्याचं असतं. आणि ते जनुक घडवायला लागते कोहेन-बॉयर यांची कात्री.

तिसरी प्रयोगशाळा फिलाडेल्फियातली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कार्ल जून यांची. २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड ही लहान मुलगी कार-टी उपचाराने बरी झाली आणि त्याच वर्षी विद्यापीठाने नोव्हार्टिस या औषध कंपनीबरोबर करार केला. हा करार मक्तेदारीचा होता. त्यामागचं कारणही समजून घेतलं पाहिजे. चाचण्या, कारखाना, देशोदेशीच्या परवानग्या यांवर प्रचंड पैसा लावायला एकट्याचा हक्क मिळाल्याशिवाय कोण तयार होणार? ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांच्या किमरिया या कार-टी औषधाला मान्यता मिळाली. किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे तीन कोटी रुपये. आपल्या रुग्णाच्या दृष्टीने हे औषध नसल्यासारखंच.

म्हणून चौथी प्रयोगशाळा. संशोधक राहुल पुरवार २०१३ मध्ये पवईच्या आयआयटीत रुजू झाले. अमेरिकी औषधात त्या हाताचं टोक उंदराच्या प्रतिपिंडाचं होतं. पुरवार यांच्या गटाने त्याला मानवी रूप दिलं. शरीराला ते कमी परकं वाटावं आणि उपचाराचे दुष्परिणाम सौम्य राहावेत, हा हेतू. रुग्ण आणि डॉक्टर होते खारघरला, टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात. हसमुख जैन आणि गौरव नरुला यांचे गट तिथे होते. २०१८ मध्ये पुरवार यांनी इम्युनोॲक्ट ही कंपनी काढली, सोबत अथर्व कारुळकर, शिरीष आर्य हे तरुण संशोधक. संस्थेच्याच साइन या उद्योग-संगोपन केंद्रात ती वाढली आणि तंत्रज्ञान तिला आयआयटीकडून मिळालं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मोहिमेतून पहिल्या चाचणीसाठी १९ कोटींच्या आसपास मंजूर झाले. ४ जून २०२१ रोजी खारघरला पहिल्या रुग्णाला पेशी दिल्या गेल्या. त्याच वर्षी लॉरस लॅब्स या औषध कंपनीने इम्युनोॲक्टमध्ये भागीदारी घेतली. पुढे ६४ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि तपासता आलेल्या रुग्णांपैकी ७३ टक्क्यांत उपचाराला प्रतिसाद दिसला.

या साऱ्या व्यवहारातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. सरकारी अनुदान, सार्वजनिक रुग्णालय, संस्थेचा परवाना आणि खासगी भांडवल, यांतलं एकही वगळलं असतं तर पिशवी तयार झाली नसती. शोध लागला म्हणजे काम झालं, असं आपण समजतो. इथे तर शोधानंतर पाच-सहा वर्षांची वाट होती आणि तिच्यावर निबंध थोडे, कागदपत्रं फार. ज्यांनी ती तुडवली, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

अमेरिकेत १९८० मध्ये कायदाच झाला की सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला घेता यावी. आपल्याकडे त्या धर्तीचं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं आणि २०१४ मध्ये मागे घेतलं. आता ज्याची त्याची संस्था आपलं धोरण ठरवते. तेव्हा आपल्या संस्थेचं धोरण मागून घ्या आणि वाचा. मार्गदर्शकाचा वाटा किती, तुमचा किती, नोकरीत राहून कंपनीचे भाग घेता येतात का, हे आधी विचारणं म्हणजे लोभीपणा नव्हे. पुढची भांडणं तिथेच मिटतात. स्टार्टअप काढलाच पाहिजे, असा धोशाही मला मान्य नाही. उत्तम संशोधकाला हिशेब, भरती, जीएसटी यांत अडकवण्यापेक्षा परवाना देऊन त्याला पुन्हा प्रयोगाच्या टेबलाशी बसू द्यावं, हे अनेकदा जास्त हिताचं.

नेक्सकार-१९ बाजारात आलं तेव्हा ४० ते ४५ लाखांच्या घरात मिळत होतं. तीन कोटींच्या तुलनेत हे फार मोठं काम आहे, पण या सभागृहातल्या बहुतेक घरांना त्यासाठी जमीन विकायला काढावी लागेल. किंमत आणखी खाली का येत नाही? प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र खेप, प्रत्येक खेपेची स्वतंत्र तपासणी, निर्जंतुक खोल्यांचा खर्च आणि जनुक वाहून नेणारा तो महागडा विषाणू. यातला एकेक खर्च हा एकेक संशोधनाचा प्रश्न आहे, सूक्ष्मजीवशास्त्राचा, रसायन अभियांत्रिकीचा, शीतसाखळीचा. विषाणू स्वस्तात आणि भरपूर कसा वाढवायचा, हा तर आपल्यासारख्या विभागांतही हाताळता येईल असा प्रश्न आहे. मघाशी जिचं सांगितलं, ती माझी विद्यार्थिनी आता त्यातल्याच एका पायरीवर काम करते. गेल्या महिन्यात तिचा अर्ज दाखल झाला. पोस्टर पुढच्या महिन्यात आहे.