अर्धा सूर खाली

(ठाण्यात गायक, वादक आणि साउंडवाल्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, १५ डिसेंबर २०१९ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू वाजवून गेले. १९७६ साली डब्लिनच्या शाळकरी पोरांनी काढलेला हा बँड. त्या रात्री बोनो ५९ वर्षांचा होता आणि १९८७ चा आख्खा अल्बम त्यांनी ओळीने वाजवला. रोलिंग स्टोन्स तर १९६२ पासून वाजवतायत, मिक जॅगरचा जन्म १९४३ चा. २०१९ च्या एप्रिलमध्ये त्याच्या हृदयाच्या झडपेवर उपचार झाले आणि जूनमध्ये तो पुन्हा स्टेजवर होता. अशा बँडबद्दल ‘आता पुरे करा की’ असं सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. पंचविशीत बांधलेलं गाणं सत्तरीत उभं करायला किती कारागिरी लागते, ते आज बघू.

सुरुवात गळ्यापासून. वय वाढतं तसे स्वरतंतूंचे स्नायू बारीक होतात, मधोमध फट राहते, तिथून हवा निसटते. आवाजाला धार येत नाही आणि वरचे सूर लावायला दुप्पट जोर लागतो. त्या जोराने सूज येते, सूज आली की दुसऱ्या दिवशी आणखी जोर. हे चक्र सुरू झालं की दौरा धोक्यात. एरोस्मिथच्या स्टीव्हन टायलरला सप्टेंबर २०२३ मध्ये स्वरयंत्राला इजा झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बँडने दौरे कायमचे थांबवत असल्याचं जाहीर केलं. जॉन बॉन जोवीला २०२२ मध्ये स्वरतंतूंची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. स्टेजवर घोट घोट पाणी पिऊन तंतू ओले होत नाहीत, पाणी अन्ननलिकेतून जातं. भिनायला वेळ लागतो, म्हणून दुपारपासूनच प्यायचं. कार्यक्रमाआधी दहा-पंधरा मिनिटं बारीक नळीतून फुंकत सूर लावायचे. नळीतल्या उलट दाबामुळे तंतू एकमेकांवर जोरात आपटत नाहीत. आणि रात्री बारा वाजता तिखट जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, आम्ल वर येतं आणि सकाळी गळा बसलेला असतो.

एवढं करूनही वरचा सूर लागत नसेल तर पट्टी उतरवायची. आपल्याकडे यात कमीपणा नाही. शास्त्रीय गवई वयानुसार पट्टी बदलतो, तंबोरा नव्याने लावला जातो, श्रोते ते धरूनच चालतात. रॉकचं तसं नाही. रेकॉर्डने गाण्याची पट्टी लोकांच्या कानात ठोकून बसवलेली असते, आणि गिटारची बरीचशी वाक्यं मोकळ्या, म्हणजे बोटाने न दाबलेल्या तारांवर बांधलेली असतात. पेटीच्या पांढरी तीनमधलं गाणं अर्धा सूर खाली, काळी दोनवर न्यायचं तर नुसती बोटं सरकवून भागत नाही, मोकळी तार मिळेनाशी होते. म्हणून सगळी गिटारच अर्धा सूर उतरवतात. मेटॅलिका तर कित्येक वर्षं स्टेजवर अशीच वाजवते.

आता हे करताना काय बिघडतं ते नीट ऐका. अर्धा सूर उतरला की सेकंदाला ४४० कंपनांचा सूर ४१५ वर येतो, म्हणजे कंपनं साडेपाच टक्क्यांनी घटतात. पण तारेचा ताण कंपनांच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे तो ११ टक्क्यांनी घटतो. तार ढिली होते, पडद्यावर फडफडते आणि जोरात दाबली की सूर चढतो. गिटारची मान ताणाअभावी सरळ होते, पहिल्या दोन-तीन पडद्यांवर खरखर सुरू होते. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, पाव फेरा सैल करायचा, एक दिवस थांबायचं, मग पुन्हा बघायचं. फ्लॉइड रोझ ब्रिज, म्हणजे तारा आणि स्प्रिंगा यांच्या ओढीत तोललेला हलता ब्रिज असेल तर मागच्या स्प्रिंगा जिंकतात आणि ब्रिज मागे बसतो. तिथे स्प्रिंगा धरणारे दोन स्क्रू पाव पाव फेऱ्याने सैल करायचे आणि दर वेळी सहाही तारा पुन्हा सुरात लावायच्या. पहिली तार नऊच्या जागी दहाची (हे आकडे जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) लावली तर ताण मूळच्याही वर जातो. साडेनऊचा संच मिळतो, त्याने तो जवळजवळ जिथल्या तिथे येतो. पण वादकाचा अंगठा सांधेदुखीने धरत असेल तर नऊचाच ठेवा, ढिली तार त्याच्या हाताला औषधासारखी आहे. फक्त पडद्यांपासून तारांची उंची थोडी वाढवा.

ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी एक सूचना. कीबोर्डवाला ट्रान्सपोझ उणे एक दाबून, म्हणजे बटणाने अर्धा सूर उतरवून मोकळा होतो, पण लॅपटॉपवरून येणारा लूप, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेला फिरता तुकडा, जुन्याच पट्टीत राहतो आणि पहिल्या ओळीतच भांडण दिसतं. लूप वेगळा उतरवून साठवायचा. सॅक्सोफोनवाल्याला आधी सांगा, त्याचं लिहिलेलं पान बदलतं.

दुसरा अवयव कान. हा गळ्याच्याही आधी जातो आणि कळत नाही. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, आणि रॉकचं स्टेज सहज त्याच्या वर असतं. एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये दौरा अर्ध्यावर सोडावा लागला, कारण पुढे गायलास तर ऐकूच येणार नाही असा इशारा डॉक्टरांनी दिला होता. कानातल्या नव्या यंत्रणेवर काम करून तो परतला. ऐकण्याचा ऱ्हास साधारण तीन ते सहा हजार हर्ट्झच्या, म्हणजे उंच सुरांच्या पट्ट्यात आधी दिसतो. मग गिटारवाला आपल्याला तीक्ष्णपणा ऐकू येत नाही म्हणून ट्रेबल वाढवतो, आणि पुढच्या रांगेतल्या लोकांचे कान किरकिरतात. साउंडवाल्यांनो, ज्येष्ठ वादकाचा ॲम्प बोचरा वाटला तर आधी त्याच्या कानांचा विचार करा, मग प्रेमाने बोला. कानातले मॉनिटर (स्वतःचा आवाज ऐकायला स्टेजवर घालतात ते इअरफोन) कानाच्या साच्यावर बनवलेले असतील तर काही वर्षांनी साचा नव्याने घ्या, कानाचा आकार बदलतो. आणि एक कान उघडा ठेवून गाऊ देऊ नका. उघड्या कानातला गोंगाट दाबायला दुसऱ्याचा आवाज वाढवला जातो आणि त्याचंच नुकसान होतं.

ड्रमरवर तर सगळ्यात मोठा बोजा. रशच्या नील पर्टने २०१५ नंतर दौरा केला नाही. आयर्न मेडनच्या निको मॅकब्रेनला जानेवारी २०२३ मध्ये पक्षाघात झाला, तरी तो डिसेंबर २०२४ पर्यंत दौऱ्यांवर वाजवत राहिला. जेनेसिसच्या शेवटच्या दौऱ्यात फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायला आणि ड्रमवर त्याचा मुलगा निक होता. मार्च २०२२ मध्ये लंडनला तो दौरा संपला. मला ही मांडणी फार सुंदर वाटते, जे शक्य नाही ते दुसऱ्याच्या हाती सोपवलं आणि तेही उघडपणे.

गाण्यांची यादी हा यातला कमी ओळखला गेलेला भाग. तरुण बँड सगळ्यात अवघड गाणं शेवटाला ठेवतो. ज्येष्ठ बँडने ते तिसरं-चौथं घ्यावं, गळा तापलेला आणि थकवा नसलेला तेव्हा. मध्ये बसून वाजवायची दोन-तीन शांत गाणी, एक लांब वाद्यवादन, म्हणजे गायकाला पाच-सात मिनिटं विश्रांती. सर्वात वरची ओळ लोकांना म्हणायला द्यायची. आपल्याकडे मोकळ्या मैदानात रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात. सुरुवात लांबली की आयोजक शांत गाणी कापतात, लोक कंटाळतात म्हणून. तसं करू नका! तीच गायकाची विश्रांती आहे. कापायचंच तर एक वेगवान गाणं कापा.

दोन कार्यक्रमांमध्ये एक दिवस मोकळा हवाच. मेटॅलिकाने २०२३ पासून एका शहरात दोन रात्री आणि मध्ये सुट्टी ठेवली, आणि दोन्ही रात्रींची यादी वेगळी. पण सुट्टीच्या दिवशीही माणसांचे पगार, हॉटेलं आणि उभ्या ट्रकांचं भाडं चालू असतं. तिकिटं महागण्यामागे तेही आहे.

रेकॉर्ड केलेल्या मुख्य गायनावर ओठ हलवणं मला मान्य नाही. मागच्या कोरसला आधार म्हणून वाजवा, हरकत नाही. माणसं बदलतात त्याबद्दल मात्र मी कठोर नाही. लेनर्ड स्किनर्डचा शेवटचा मूळ सदस्य गॅरी रॉसिंग्टन मार्च २०२३ मध्ये गेला, बँड अजून फिरतोय. पोस्टरवर आज कोण वाजवणार ते ठळक छापा, म्हणजे तिकीट काढणाऱ्याला फसवल्यासारखं होत नाही.

शेवटी पट्टी ठरवायची कशी? ताज्या गळ्याने, खुर्चीत बसून ठरवू नका, प्रत्येक गायक तेव्हा स्वतःला एक सूर जास्त देतो. पूर्ण यादी उभं राहून, स्टेजच्या आवाजात वाजवा आणि संपल्यावर ते अवघड गाणं पुन्हा घ्या. तेव्हा सूर सहज लागला तर मूळ पट्टी राहू द्या. नाही लागला तर अर्धा सूर उतरवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच करून बघा. दोन दिवस सलग लागेल ती पट्टी कागदावर लिहून गिटारवाला, कीबोर्डवाला आणि साउंडवाला, तिघांच्या हातात द्या.