‘ते आधीचंच होतं, काका’

(अंबाजोगाईत ग्राहक दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ग्राहक दिन म्हटलं की २४ डिसेंबर १९८६, ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही, ग्राहकाचे हक्क हे सगळं पहिल्यापासून सांगायची रीत आहे. ते तुम्ही दर वर्षी ऐकता, म्हणून मी थेट फोनवर येतो. दुरुस्तीला टाकलेला फोन ठीक होऊन येतो, पण येताना दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं. आपण परत दुकानात जातो आणि समोरचा म्हणतो, ‘काका, ते आधीचंच होतं.’ माझ्याकडे फोनचं भांडण घेऊन येणाऱ्या बहुतेकांची गाडी याच वाक्यावर अडलेली असते.

केज तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं सांगतो. चार्जिंगची पिन ढिली झाली म्हणून त्यांनी लातूरला फोन टाकला. दुपारी दिला, संध्याकाळी मिळाला, चार्जिंग झकास. दुसऱ्या दिवशी सोयाबीनची ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची सरकारी नोंद, करायला रानात गेले तर कॅमेऱ्यात सगळं धुरकट. पिकाचा फोटो तर शेतात उभं राहूनच काढावा लागतो, आणि मुदत संपत आलेली. पोराच्या फोनवर कसंबसं भागवलं. दुकानात गेले तर ठरलेलं उत्तर, वर ‘पिनचा आणि कॅमेऱ्याचा काय संबंध?’

संबंध असतो ना! बऱ्याच फोनमध्ये पिन खालच्या छोट्या बोर्डावर असते. तिथं पोचायचं तर मागचं कव्हर गरम करून सोडवावं लागतं. कॅमेऱ्यावरची काच पुष्कळदा त्या कव्हरलाच असते, म्हणजे कव्हर निघालं की आतलं भिंग उघडं पडलं. त्याला बोट लागलं, गोंदाचा तार चिकटून राहिला, की फोटो गेला. आतल्या स्क्रूंचंही तसंच. दिसायला सगळे सारखे, लांबीला वेगवेगळे. आखूड स्क्रूच्या जागी लांब आवळला तर त्याचं टोक बोर्डात घुसतं, आतली तांब्याची रेघ तुटते, आणि मग फोन कधी चालू तर कधी बंद. फोल्डर, म्हणजे अख्खा डिस्प्ले, बदलताना कानाजवळचा सेन्सर नीट बसला नाही तर बोलताना स्क्रीन बंद होत नाही, गालानेच कॉल कट होतो. पाण्यात टिकतो म्हणून जाहिरात केलेला फोनही एकदा उघडला की कडेची चिकटपट्टी सुटते. नवी नीट लावली नाही तर पुढच्या पावसात त्याचा काही भरवसा नाही. हे सगळं दुकानदाराला माहीत असतं. आपल्याला नसतं, म्हणून आपण गप्प बसतो.

त्या शेतकऱ्याचं काम फोननेच केलं. दुकानात जायच्या सकाळी त्यांनी फवारणीच्या औषधाच्या बाटलीचा फोटो काढला होता. लेबलावरची बारीक अक्षरं स्पष्ट वाचता येत होती. फोटोच्या तपशिलात तारीख असते, वेळ असते, कोणत्या फोनने काढला तेही असतं. फोन जमा केल्याची वेळ पावतीवर होती, आणि संध्याकाळनंतरचा एकूण एक फोटो धुरकट. आम्ही दोन्ही प्रकारचे फोटो जोडून नोटीस पाठवली. दुकानदाराने कॅमेरा बदलून दिला, ग्राहक आयोगाची पायरी चढावी लागली नाही.

पण प्रत्येकाने सकाळी बाटलीचा फोटो काढलेला नसतो. म्हणून फोन हातातून सोडण्याआधी काउंटरवरच, दुसऱ्या कुणाच्या फोनवर, एक व्हिडिओ काढा. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसू द्या, मग कॅमेरा, टच, स्पीकर, बोटाचा ठसा, चारही कडा. फोन चालूच होत नसेल तर निदान बाहेरून सगळीकडून. दुकानदाराला राग येईल म्हणून लाजू नका. चांगला कारागीर उलट खूश होतो, त्याचाही बचाव त्यातच असतो. जॉबशीटवर, म्हणजे फोन जमा करताना दुकानदार भरतो त्या कागदावर, नुसतं ‘फोन चेक करणे’ असेल तर सही करू नका. काय बिघडलंय आणि काय चालू आहे, दोन्ही लिहून घ्या. ‘पाणी गेलंय’ असं म्हणाले तर फोनच्या आत ओल दाखवणारी छोटी पट्टी असते, तिचा फोटो मागा. ती पांढऱ्याची लाल होते, पण नुसत्या दमटपणानेही कधी कधी होते असं कंपन्यांच्या विरुद्ध म्हणता येतं, तेवढ्यावर वाद संपत नाही.

दुकानदाराच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर इथं बसलेले दोन-तीन जण मला बाहेर गाठतील. भिजलेला, आधीच कुणीतरी उघडलेला, बॅटरी फुगलेला फोन उघडणं ही खरंच जोखीम असते. अशा वेळी ‘उघडताना बंद पडू शकतो’ हे आधी सांगून, लिहून घेणारा माणूस प्रामाणिक आहे. फोन गेल्यावर पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवणारा नाही. ‘ग्राहकाच्या जबाबदारीवर’ एवढं छापलं म्हणून निष्काळजीपणा आपोआप माफ होत नाही. १८७२च्या करार कायद्याचं कलम १५१ सांगतं की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची. मात्र सेवेत कसूर झाली हे दाखवायचं ओझं आपल्यावर, म्हणून तर व्हिडिओ.

आणखी एक. ‘आधी पैसे, मग फोन’ म्हणाले तर तिथं कायदा त्यांच्या बाजूने आहे. त्याच कायद्याचं कलम १७० कारागिराला केलेल्या कामाच्या मजुरीपोटी वस्तू अडवून ठेवू देतं. तेव्हा हुज्जत घालत बसू नका. पैसे द्या, फोन ताब्यात घ्या, आणि तिथूनच व्हॉट्सॲपवर लिहा, ‘कॅमेरा खराब करून दिलाय, तक्रार कायम ठेवून पैसे देत आहे.’

आता तक्रार करायची ती बीडला का लातूरला? जुन्या ग्राहक कायद्यात लातूरच्या दुकानासाठी साधारण लातूरलाच जावं लागायचं. २०१९चा कायदा २० जुलै २०२०ला लागू झाला आणि कलम ३४ने तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागायची सोय केली. म्हणजे अंबाजोगाईकरांना बीड. दोन वर्षांच्या आत जा. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या, म्हणजे आपण मोजलेल्या पैशाच्या, तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघा. मोठ्या कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं पुष्कळदा तिथंच नरमतात.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं, दुकान गल्लीतलं, पावतीच नाही, मग? ताई, मागितलेली पावती न देणं हाच कायद्यात अनुचित व्यापार प्रथेचा भाग आहे. पैसे यूपीआयने दिले असतील तर नाव, रक्कम, वेळ बँकेत आहे. ‘फोन झाला का भाऊ’ हा तुमचा मेसेज आणि ‘पाचला या’ हे त्याचं उत्तर, तेही जपा. रोख दिले असतील तर आजच त्याला मेसेज टाका, कोणता फोन, कोणत्या दिवशी, किती रुपये. त्याने उत्तर दिलं तर पावतीची उणीव बरीच भरून निघाली. नाही दिलं, तर तुमच्यासोबत दुकानात कोण होतं ते मला सांगा, त्यांचं शपथपत्र करू.