दोन इंच फोम आणि वीस वर्षांची खासदारकी

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘मधु दंडवते यांची संसदीय कारकीर्द’. त्याकडे मी येतोच. पण आधी मला एका लाकडी फळीबद्दल बोलायचंय. गेली कित्येक वर्षं ती माझ्या डोक्यात आहे आणि तिच्याशिवाय मला दंडवते सांगताच येत नाहीत.

१९७६ सालची गोष्ट. मी बावीस वर्षांचा होतो आणि कलकत्त्याला नोकरीची मुलाखत होती. कणकवलीहून रात्रभर एसटीने मुंबई गाठली, कारण तेव्हा आपल्याकडे रेल्वे कुठली? मुंबईला मामाच्या खोलीवर आंघोळ केली आणि नागपूरमार्गे जाणाऱ्या मेलमध्ये बसलो. सेकंड क्लास, थ्री टायर, मधला बर्थ. बर्थ म्हणजे काय, तर पट्ट्यापट्ट्यांची लाकडी फळी. दोन पट्ट्यांच्या मधे बोट जाईल एवढी फट, आणि त्या फटीत आदल्या प्रवाशाच्या शेंगांची टरफलं. आईने दिलेली गोधडी चौपदरी केली तरी गाडीने रूळ बदलला की प्रत्येक पट्टी बरगडीला कळायची. कुशीवर झोपावं तर खुबा दुखतो, पाठीवर झोपावं तर माकडहाड. जाताना दोन रात्री, येताना दोन रात्री. घरी येऊन सदरा काढला तर आई घाबरली. पाठीवर आडवे वळ उठले होते. म्हणाली, “कोणी मारल्यान रे तुका?” मी म्हटलं, “कोणी नाय गे आये, रेल्वेन मारल्यान.”

नोकरी मिळाली नाही, ते सोडा. मुद्दा असा की तेव्हा आम्हाला कुणालाच हा अन्याय वाटत नव्हता. गादी हवी तर पहिल्या वर्गाचं तिकीट काढा, गरिबाने फळीवरच झोपायचं, हे जणू देवानेच ठरवलेलं होतं. तिसरा वर्ग १९७४ मध्ये कागदावरून गेला होता, फळी मात्र तशीच होती. इथं पन्नाशीच्या आतली बरीच मंडळी दिसतायत. तुमच्यापैकी लाकडावर झोपून रात्र काढलेलं कुणी आहे का? हात वर करा. एकही नाही! मला हाच हिशेब तुम्हाला दाखवायचा होता.

१९७७ च्या मार्चमध्ये जनता सरकार आलं आणि राजापूरचे आपले खासदार रेल्वेमंत्री झाले. सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेला, गोव्याच्या सत्याग्रहात गेलेला, आणीबाणी बंगळूरच्या तुरुंगात काढलेला माणूस. पत्नी प्रमिलाताई त्याच वेळी येरवड्यात. दोन तुरुंगांमधून दोघांचा पत्रव्यवहार चालायचा. असा माणूस मंत्री झाल्यावर पहिला विचार करतो कशाचा, तर दुसऱ्या वर्गाच्या बर्थचा. त्या फळीवर दोन इंच फोम बसवायचा. पहिल्या वर्गाला खाली ओढायचं नाही, दुसऱ्याला वर आणायचं, ही त्यांची भूमिका. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुटली. वर्ग नसलेली ही देशातली पहिली लांब पल्ल्याची गाडी. १९७४ च्या मे महिन्यातल्या वीस दिवसांच्या संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांनाही त्यांनी परत घेतलं. ज्यांच्या घरी चूल थंडावली होती, त्यांना विचारा ते काय होतं.

यात एक गोष्ट माझ्या काळजाला लागते. हा माणूस देशाचा रेल्वेमंत्री, पण त्याच्या स्वतःच्या मतदारसंघात तेव्हा रुळाचा एक तुकडा नव्हता. राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, कुठेही नाही. इथल्या गिरणी कामगाराने गणपतीला यायचं ते एसटीने, नाहीतर बोटीने. आणि फोम बसला तो लखनौच्या, पाटण्याच्या, मद्रासच्या माणसाच्या पाठीखाली. आपल्या माणसाने परक्याची पाठ आधी पाहिली आणि आपण त्याला तरीही पुन्हा निवडून दिलं. मला याचा फार अभिमान आहे.

आता माझी तक्रार. मागच्या एका निवडणुकीत आमच्या वाडीत प्रचाराला आलेला एक तरुण माझ्या पडवीत बसून म्हणाला, “काका, दंडवत्यांनी वीस वर्षांत आणलं काय? एक साकव तरी बांधला का?” चहा पुढे ठेवलेला होता म्हणून मी शांत राहिलो. अरे बाबा, खासदार निधी सुरू झाला १९९३ च्या डिसेंबरात. दंडवते हरले १९९१ ला. त्यांच्या हातात साकवाचा पैसा कधी नव्हताच. साकव जिल्हा परिषदेने बांधायचा असतो. खासदाराचं काम कायदा करणं, प्रश्न विचारणं, अंदाजपत्रकाची चिरफाड करणं. आपण खासदाराला ठेकेदाराच्या मापाने मोजायला लागलो आणि त्याच दिवशी संसद आपल्या हातून सुटली, असं माझं ठाम मत आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता पळतच सांगावा लागणार.

राजापूरने १९५७, १९६२, १९६७ ला बॅरिस्टर नाथ पै यांना पाठवलं. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले. त्यानंतर १९७१, ७७, ८०, ८४, ८९ असे पाच वेळा दंडवते. सलग आठ निवडणुका समाजवादी. १९७१ ला इंदिराजींची लाट होती. १९८४ ला तर राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने घेतल्या आणि राजापूर उरलेल्या पाचांत होतं. त्या वीस वर्षांत मंत्रिपद दोनदाच, मिळून जेमतेम सव्वातीन वर्षं. बाकीची सगळी विरोधी बाकांवर. आपण सत्ता नसलेला माणूस मुद्दाम पाठवत होतो, कारण तो उभा राहिला की समोरच्या मंत्र्याला तयारी करून यावं लागायचं.

दुसरं, १९९० साली अर्थमंत्री असताना त्यांनी लोकांनी सोनं बाळगण्यावर बंधनं घालणारा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द केला. यावर अर्धा तास बोलायचं ठरवलं होतं, राहिलं.

तिसरं आणि मुख्य. कोकण रेल्वे. दिव्याहून आपट्यापर्यंत आलेली लाइन १९८६ ला रोह्याला पोचली आणि पुढे पैसा नाही म्हणून अडली. १९८९ च्या अखेरीला योग जुळला. रेल्वेला जॉर्ज फर्नांडिस, अर्थखात्यात दंडवते, नियोजन आयोगावर रामकृष्ण हेगडे. तिघेही याच किनाऱ्याच्या राज्यांशी बांधलेले. अंदाजपत्रकातून दरवर्षी चिमूटभर पैसे मिळण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा स्वतंत्र महामंडळ काढायचं, रेल्वेचा ५१ टक्के आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ यांचा मिळून ४९ टक्के वाटा, बाकी रोख्यांतून उभारायचं. जुलै १९९० मध्ये महामंडळाची नोंदणी झाली, नोव्हेंबरात सरकार गेलं. जेमतेम अकरा महिन्यांचं सरकार! वीस वर्षं ज्याने हा विषय घोकला होता, त्यालाच ते अकरा महिने पुरले. नवख्या खासदाराला फाइल कुठल्या टेबलावर आहे हे कळेपर्यंत सरकार पडलं असतं. दीर्घ खासदारकीच्या बाजूने माझा सगळा युक्तिवाद एवढाच आहे.

२६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा दंडवते आपले खासदार नव्हते, आपण त्यांना पाडून सात वर्षं झाली होती. २००५ च्या नोव्हेंबरात ते गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दिला गेला. राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघही नंतर नकाशावरून गेला.

मार्ग सुरू झाल्यावर मी आईला घेऊन कणकवलीहून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालो. ती खालच्या बर्थवर बसली, हाताने गादी दाबून पाहिली, आणि मला म्हणाली, “हेच्यार वळ उठाचे नाय.” वेळ संपली. थांबतो.