पावसाचं पाणी पावसाळी गटारात

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या रस्त्यांखाली दोन वेगळी जाळी आहेत. एक पावसाळी गटारांचं. ते नाल्याला, खाडीला, समुद्राला मिळतं. दुसरं ड्रेनेजचं. मोरी, संडास आणि ओट्यावरच्या सिंकचं पाणी त्यातून पंपिंग स्टेशनला आणि पुढे प्रक्रिया केंद्राला जातं. पावसाचं पाणी पावसाळी गटारात, सांडपाणी ड्रेनेजमध्ये. आज मला एवढंच सांगायचंय, आणि मी ते पुन्हा सांगणार आहे.

मलनिःसारणाच्या कामात माझी हयात गेली. उपनगरातली एक चार मजली सोसायटी मला विसरता येत नाही. तळमजल्यावर एक आजी एकट्या राहत. जोराची सर आली की त्यांच्या मोरीतून काळं पाणी उलटं यायचं. तीन पावसाळे हे चाललं होतं. मी गेलो तेव्हा नाहणी ट्रॅपवर, म्हणजे मोरीतलं पाणी जातं त्या तोंडावर वीट, विटेवर पोतं आणि पोत्यावर पाट्याचा दगड ठेवलेला. म्हणाल्या, "साहेब, देवघर वर उचलून ठेवलंय. आता मी कुठे जाऊ?"

रस्त्यातली लाइन आम्ही जेटिंग मशीननं दोनदा धुतली होती. तुंबलेलं काहीच नव्हतं. मग सगळं कोरडं असताना गच्चीवर गेलो. पावसाच्या पाण्याचे चार पाईप होते. एकेकात रंगपंचमीचा उरलेला हिरवा रंग घालून बादल्या ओतायला लावल्या आणि खाली चेंबरची झाकणं उघडून बसलो. पुढचे दोन पाईप बरोबर पावसाळी गटारात उतरत होते. मागच्या तिसऱ्या पाईपात बादली पडली आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये हिरवंगार पाणी आलं. चौथ्याचंही तेच. कंपाउंडात पेव्हर ब्लॉक बसवताना कुणीतरी हे दोन पाईप जवळच्या चेंबरमध्ये वळवून टाकले होते. पेव्हर ब्लॉकवर माझा राग आहे, तो बोलून दाखवतोच. आपण झाडाच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक लावतो. मग माती पाणी पिणार कशी? आळ्याएवढी तरी जागा झाडाला सोडा.

तर सेक्रेटरी म्हणाले, "अहो, गच्चीवरच्या पाण्यानं एवढं काय होणार?" मी कागद घेतला. त्या दोन पाईपांवर निम्मी गच्ची, म्हणजे 200 चौरस मीटर. तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 10 हजार लिटर पाणी. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणीपुरवठा धरतात, त्यातलं 80 टक्के म्हणजे 108 लिटर सांडपाणी होतं. इमारतीत माणसं नव्वदेक. म्हणजे अख्ख्या इमारतीचं दिवसभराचं सांडपाणी जितकं, तितकं पाणी एका तासात त्या चेंबरमध्ये. रस्त्यातली लाइन भरली की ते सगळ्यात खालच्या तोंडातून वर येणार. ते तोंड म्हणजे आजींची मोरी. सेक्रेटरींनी त्याच आठवड्यात दोन्ही पाईप पावसाळी गटाराला जोडून घेतले. पोतं आणि वीट आजींनी स्वतः उचलली.

आता जमिनीतल्या पाण्याचं थोडक्यात. पावसाळ्यात भूजल वर येतं आणि जुन्या पाईपांच्या सुटलेल्या सांध्यांतून आत झिरपतं. येताना माती घेऊन येतं, पाईपाभोवती पोकळी होते आणि एक दिवस रस्ता खचतो. सरकारी मार्गदर्शिकेत नव्या लाइनचं गणित करतानाच किलोमीटरमागे दिवसाला 500 ते 5,000 लिटर झिरप धरलेली असते. फुटक्या लाइनीत ती कुठल्या कुठे जाते. हे काम पालिकेचं आहे. लाइनमध्ये कॅमेरा घालून सांधे बघावे लागतात, आणि ते उन्हाळ्यात नव्हे, भर पावसात बघितले तरच गळती दिसते.

आपल्या हातात मात्र दोन गोष्टी आहेत. गच्चीचा पाईप खाली कुठे जातो ते बादलीभर रंगीत पाणी ओतून बघा. पावसाचं पाणी पावसाळी गटारात! आणि रस्त्यावर पाणी साचलं म्हणून मॅनहोलचं झाकण कधीही काढू नका. 29 ऑगस्ट 2017 ला मुंबईत एक नावाजलेले डॉक्टर पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पाणी साचलं तर मुंबईत 1916 ला फोन करा. झाकण उघडं दिसलं तर तिथे उभे राहा, येणाऱ्याला थांबवा आणि तिथूनच फोन लावा.

नमस्कार.