लहान गावात माणसं कमी, कामं तेवढीच

मंडळी, सुरुवात शांततेपासूनच करू. मोठ्या शहराला कंटाळून लहान गावात राहायला जाणारे बहुतेक जण तिच्याच ओढीनं जातात आणि पहिल्याच आठवड्यात बुचकळ्यात पडतात. कारण तिथे आवाज असतातच, आणि रात्री तर जास्तच. लांबवरून जाणारी रेल्वे घराच्या मागून गेल्यासारखी ऐकू येते. दिवसा तीच गाडी गेलेली कळतसुद्धा नाही. हा भास नव्हे, बरं का. दिवसा जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते, आणि अशा हवेतून जाणारा ध्वनी वर वळून आपल्या डोक्यावरून निघून जातो. आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल, तर रात्री उलटं होतं. जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड होते, वरची त्या मानानं उबदार राहते, आणि वर निघालेला ध्वनी वाकून पुन्हा खाली येतो. मोठ्या शहरातही हे घडतं, पण तिथला रहदारीचा घोंगाट त्या आवाजाला गिळून टाकतो.

शांत गावात हा घोंगाट नसतो, एवढाच काय तो फरक. पण तो लहान नाही. १० डेसिबल उतरले की ध्वनीची तीव्रता दहा पटींनी कमी होते आणि कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली झोपायच्या खोलीसाठी रात्रीची ३० डेसिबलची मर्यादा सुचवली होती. हमरस्त्यालगत राहणाऱ्यांनी खिडकी उघडी टाकून तो आकडा गाठून दाखवावा!

आता यातली मेख बघा. मागचा घोंगाट उतरला की प्रत्येक आवाजाला मालक मिळतो. ही मोटारसायकल कोणाची, हे फाटक कोणाचं वाजलं, रात्री अकराला कोणाच्या दारात गाडी थांबली, सगळं कळतं. तुम्हाला कळतं, तसं तुमचंही इतरांना कळतं. शांतता हवी होती ना? तिच्याबरोबर हेही घरात येतं.

स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानं १९७० साली शहरी जगण्यावर एक लेख लिहिला. त्यात एका साध्या प्रयोगाची हकिगत आहे. अनोळखी माणसानं दार वाजवायचं आणि सांगायचं, ‘मित्राचा पत्ता हरवलाय, आत येऊन एक फोन करू का?’ न्यूयॉर्कमध्ये सुमारे ७५ टक्के लोकांनी बंद दाराआडूनच ओरडून उत्तर दिलं किंवा दाराच्या भोकातून डोकावून पाहिलं. लहान गावांत साधारण तेवढ्याच लोकांनी दार उघडलं. यावरून गावातली माणसं मनानं चांगली आणि शहरातली कोरडी, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मिलग्रॅमनं तो काढला नाही. त्याचं म्हणणं असं, की शहरात माणसावर इतके चेहरे, इतक्या मागण्या, इतक्या हाका येऊन आदळतात की त्यातल्या बहुतेक त्याला वगळाव्याच लागतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेलनं १९०३ मध्येच ही अलिप्तता ओळखली होती. शहरी माणसाचा तुटकपणा हे त्याचं कवच आहे, आणि लहान गावातल्या माणसाला तेच थंडपणा वाटतं, असं त्याचं निरीक्षण. मला ते आजही पटतं.

पण मिलग्रॅम आणि झिमेल दोघांचीही नजर शहरावर होती. लहान गावाचं इंगित मला सापडलं ते रॉजर बार्कर या माणसाकडे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो.

बार्कर मानसशास्त्रज्ञ. माणसं प्रयोगशाळेत कशी वागतात ते पुष्कळ झालं, रोजच्या जगण्यात कशी वागतात ते बघू, असं म्हणून तो आणि त्याचा सहकारी हर्बर्ट राइट १९४७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या ऑस्कालूसा गावी गेले. वस्ती हजाराच्याही आत. तिथे त्यांनी संशोधन केंद्रच थाटलं, ते पंचवीस वर्षं चाललं. त्यांचा चिवटपणा बघा. २६ एप्रिल १९४९ या दिवशी सात वर्षांच्या एका मुलाच्या मागे आठ निरीक्षक आळीपाळीनं फिरले. सकाळी त्यानं डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत तो काय करतो, काय बोलतो, मिनिटामिनिटाची नोंद. तिचं चारशेहून जास्त पानांचं पुस्तक झालं. एका मुलाचा एक दिवस!

या सगळ्या नोंदींतून बार्करच्या हाती जे लागलं, ते ऐकायला अगदी साधं आहे. गाव लहान असलं तरी गावाची कामं त्या प्रमाणात कमी होत नाहीत. शाळेला शाळासमिती लागते, वाचनालयाला कार्यवाह लागतो, सामन्याला पंच लागतो, नाटकाला पडदा ओढणारा लागतो. वस्ती दहापट लहान झाली म्हणून पंच एक दशांश करून चालत नाही. म्हणजे माणसं कमी आणि जागा जास्त. मग एकेका माणसाला तीन-तीन, चार-चार कामं अंगावर घ्यावी लागतात, आणि ज्याला शहरात कोणी विचारलं नसतं त्यालाही हाताला धरून बोलावतात. बार्कर आणि पॉल गम्प यांनी १९६४ मध्ये शाळांबाबतचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३५ विद्यार्थ्यांच्या शाळेपासून दोन हजारांवर विद्यार्थ्यांच्या शाळेपर्यंत सगळ्या होत्या. मोठ्या शाळेत उपक्रमांची रेलचेल होती, पण प्रत्यक्ष भाग घेण्यात, जबाबदारी उचलण्यात लहान शाळेतली मुलं पुढे होती. मोठ्या शाळेत पुष्कळ मुलं बघ्याच्याच भूमिकेत राहिली.

हे एकदा ध्यानात आलं की लहान गावातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. समजा, तुमचे हिशेब तपासणारे गृहस्थ आहेत. तेच वाचनालयाचे खजिनदार, तेच तुमच्या मुलीच्या संघाचे प्रशिक्षक आणि तेच तुमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे. कुंपणावरून तुमचं त्यांच्याशी वाजलं. शहरात तुम्ही दुसरा हिशेबनीस गाठता, विषय संपतो. इथे दुसरा नाही. असला तर तो यांचा मेहुणा. त्यामुळे लहान गावातलं भांडण तोडायचं नसतं, ते मुरवत ठेवायचं असतं. माणसं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत आणि तरी एकाच समितीत बसून ठराव मंजूर करतात. बाहेरच्याला हा ढोंगीपणा वाटतो. मला हे फार अवघड कौशल्य वाटतं.

लक्ष ठेवण्याचंही तसंच. एकटी राहणारी एक वयस्क बाई रोज सकाळी सातला खिडकीचा पडदा सरकवते. एके दिवशी नऊ वाजले तरी पडदा बंद. साडेनऊच्या आत कोणीतरी दार वाजवतंच. तिला रात्री पडल्यामुळे उठता येत नसेल, तर हे दार वाजणं म्हणजे जीवदान. आता तीच खिडकी, तेच शेजारी, आणि आत तीस वर्षांची मुलगी आहे जिला एक दिवस कोणाशीही बोलायचं नाही. किंवा एखाद्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचंय आणि त्याची गाडी दवाखान्यासमोर उभी राहिली की संध्याकाळपर्यंत चार घरांत कळणार. लोक म्हणतात, गावातली काळजी हवी पण चौकशी नको. असं निवडून घेता येत नाही हो. पडदा कधी उघडतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो उघडला नाही हे कळतं.

तरुणांना हे जास्त काचतं, त्यात नवल नाही. पंधराव्या वर्षी केलेला वेडेपणा पस्तिसाव्या वर्षीही तुमच्या नावाला चिकटून असतो. आणि नोकरीचा प्रश्न आहेच. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली दाखवून दिलं, की ओळखीतून नोकरी मिळते ती बहुधा जिवलगांकडून नव्हे, क्वचित भेटणाऱ्या लांबच्या ओळखीतून मिळते. जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, नवी बातमी लांबून येते. लहान गावात मुळात लांबचं कोणी उरत नाही. म्हणून मुलं जातात. ती गावाला वैतागून जातात असं आईवडिलांना वाटतं, पुष्कळदा ती नुसती बातमीच्या शोधात गेलेली असतात.

सोयींबद्दल जास्त बोलत नाही. प्रत्येक सेवेला टिकून राहायला किमान गिऱ्हाईक लागतं. वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञानं १९३३ मध्ये मांडलेला हा मुद्दा आहे. हृदयरोगतज्ज्ञ लहान गावात राहत नाही यात गावाचा अपमान नाही. तेवढे रुग्णच नाहीत.

आता, ‘मग जावं की नाही?’ हा प्रश्न तुमच्यातले काही जण विचारणार, म्हणून आधीच सांगून टाकतो. सुट्टीत, चांगल्या हवेत गाव बघून निर्णय घेऊ नका. वाईट हवेत, आडवारी दुपारी जा. आणीबाणीचे उपचार मिळतील असं रुग्णालय किती मिनिटांवर आहे, ते रात्री स्वतः गाडी चालवून मोजा. आणि तिथल्या चार माणसांना विचारा, गावात सध्या कोणतं काम माणसाअभावी अडलंय? उत्तरं ऐकताना ‘हे मी करीन’ असं एकदाही मनात आलं नाही, तर शहरातच एखादं शांत गल्लीतलं घर बघा. आलं, तर मात्र ते मोठ्यानं बोलू नका. सामान उतरायच्या आधी तुम्हाला कार्यवाह करून टाकतील.