स्वस्तात मिळालेलं घर

(पडद्यावर अंधार. लाकूड चरकल्याचा आवाज. शांतता. पुन्हा तोच आवाज, आता जरा वरून.)

रात्रीचे अडीच वाजलेत. घरात तुम्ही एकटे. जिन्याची एक पायरी वाजते. थोड्या वेळानं दुसरी, तिच्या वरची.

दिवसा तापून फुगलेलं लाकूड रात्री गार होतं, आक्रसतं. आक्रसताना खिळ्यापाशी, सांध्यापाशी अडकतं आणि मग एकदम सुटतं. ती 'टक्' तिथून येते. हे तुम्हाला माहीत असतं. दुपारी कोणी विचारलं असतं तर तुम्हीच त्याला समजावून सांगितलं असतं. पण आत्ता पांघरुणाखालून, श्वास रोखून, तुम्ही पायऱ्या मोजायला लागलेले असता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो बहुतेक असाच जिन्यानं वर येतो.

भूत असतं की नसतं, हा वाद आपण इथे घालणार नाही. त्या वादाला माणसं आपापलं मत घेऊन येतात आणि तेच परत घरी घेऊन जातात. आपल्याला कुतूहल आहे ते घराचं. चार भिंती, एक छप्पर. याला लोक 'झपाटलेलं' कधी म्हणायला लागतात?

(दगडी अंगण. मशालीचा उजेड.)

पहिलं घर अथेन्समधलं. सुमारे १९०० वर्षांपूर्वी रोममधला लेखक आणि सरकारी अधिकारी धाकटा प्लिनी यानं सुरा नावाच्या मित्राला पत्र लिहून सरळ विचारलं की, भुतं असतात असं तुला वाटतं का? आणि मग या घराची ऐकीव हकीकत सांगितली.

घर ऐसपैस, पण रात्री साखळदंड खळखळायचे. आधी लांबून, मग जवळून. मग एक म्हातारा दिसायचा. अंगावर मांस नाही, दाढी वाढलेली, हातापायांत बेड्या. राहणारे झोपेविना खंगत गेले आणि शेवटी घर ओस पडलं. तरी मालकानं पाटी लावलीच, विकत घ्या नाहीतर भाड्यानं घ्या. अथेनोडोरस नावाच्या तत्त्वज्ञानं ती वाचली आणि त्याला पहिला संशय आला तो किमतीचा. एवढं मोठं घर, इतकं स्वस्त? त्यानं चौकशी केली, सगळा प्रकार कळला आणि त्यानं घर घेतलं. प्लिनी म्हणतो, कळल्यावर तर जास्तच उत्साहानं घेतलं.

रात्री त्यानं पुढच्या खोलीत बिछाना घालायला सांगितला. दिवा, लेखणी, पाट्या मागवल्या, नोकरांना आत पाठवलं आणि लिहायला बसला. मन रिकामं राहिलं तर नसतं काहीतरी डोळ्यांपुढे उभं करील, म्हणून हा उद्योग. साखळ्या वाजल्या. त्यानं मान वर केली नाही. आवाज उंबऱ्याशी आला, खोलीत आला. मग त्यानं पाहिलं. म्हातारा बोटानं बोलावत होता. तर या पठ्ठ्यानं त्याला हातानं खूण केली, 'जरा थांब', आणि पुन्हा लेखणी उचलली! भूत ताटकळलं. त्याच्या डोक्यावर साखळ्या वाजवत राहिलं. शेवटी तो दिवा घेऊन उठला. म्हातारा अंगणात गेला आणि दिसेनासा झाला. अथेनोडोरसनं त्या जागी गवत-पानं ठेवून खूण केली. दुसऱ्या दिवशी खणल्यावर साखळ्यांत गुंतलेली हाडं सापडली. रीतसर दफन झालं आणि घर शांत झालं.

खरं-खोटं प्लिनी जाणे. पण पुढच्या दोन हजार वर्षांतल्या भुताटकीच्या घरांचं बहुतेक सगळं सामान इथे जमलंय. ओस पडलेली वास्तू आहे, रात्रीचे आवाज आहेत, जमिनीखाली अर्धवट राहिलेलं काहीतरी आहे. आणि पडलेला भाव आहे. हा भाव लक्षात ठेवा, कारण भुताची पहिली लेखी नोंद बऱ्याचदा तिथेच सापडते.

(न्यायालयाची इमारत.)

१९९१. न्यूयॉर्क राज्यातलं अपील न्यायालय. नायॅक नावाच्या गावातलं एक जुनं घर एकानं विकत घ्यायचं ठरवलं, इसाराही दिला. मग त्याला कळलं की घरात भुतं आहेत अशी ख्याती आहे, आणि ती ख्याती मालकिणीनंच मासिकांतून, स्थानिक वर्तमानपत्रांतून पसरवलेली आहे. गिऱ्हाईक बाहेरगावचं, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं व्यवहार मोडायला मागितला. न्यायालयानं म्हटलं की मालकिणीनं स्वतःच गाजावाजा केलाय, आता भूत नाही असं तिला म्हणता येणार नाही. तेव्हा कायद्याच्या दृष्टीनं हे घर झपाटलेलं आहे. तीन विरुद्ध दोन मतांनी त्याला व्यवहारातून बाहेर पडता आलं. न्यायाधीशांचा भुतांवर विश्वास होता का, हा प्रश्नच आला नाही. गावाचा होता, आणि भाव गाव ठरवतं.

जपानमध्ये अशा घरांना शब्दच आहे, 'जिको बुक्केन', म्हणजे घटना घडलेली मालमत्ता. खून, आत्महत्या किंवा कितीतरी दिवसांनी कळलेला एकाकी मृत्यू. २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या. भाड्याच्या घरात असं काही घडलं असेल तर साधारण तीन वर्षं नव्या भाडेकरूला सांगायचं. म्हातारपणानं किंवा आजारानं आलेल्या मरणाचं सांगायची गरज नाही. भुताचं नाव कुठेही न घेता भुताची मुदत ठरवणं सरकारी कागदालाच जमावं.

म्हणजे कहाणी आधी आणि भय नंतर, असंच का? काही घरांत उलटं झालंय.

(जुनं घर. तळघरातली भट्टी.)

१९२१ मध्ये अमेरिकन डोळ्यांचे डॉक्टर विल्यम विल्मर यांनी वैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापली. नाव दिलं नाही, नुसतं 'एच'. १९१२ मध्ये हे लोक एका मोठ्या, जुन्या घरात राहायला आले. थोड्याच दिवसांत वरच्या मजल्यावर पावलं वाजू लागली, सामान सरकवल्याचे आवाज येऊ लागले. बाईंना काळ्या कपड्यांतली एक बाई दिसली. डोकी दुखायची, मुलं फिकुटली. कुंड्यांतली रोपंसुद्धा मान टाकायला लागली.

ही रोपं महत्त्वाची. भूत माणसाला घाबरवील, पण रोपट्याचा आणि त्याचा संबंध काय?

शेवटी नात्यातल्या एकानं शंका काढली, तुम्हाला विषबाधा तर होत नाहीये? घर गरम ठेवणारी भट्टी तपासली, तर ती पार बिघडलेली. धूर धुराड्यातून वर जायच्या ऐवजी घरात पसरत होता. त्यातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास येतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून घट्ट चिकटतो आणि मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो. डोकं जड होतं, नसलेले आवाज येतात, छाती दडपते. भट्टी दुरुस्त झाली आणि ती बाई पुन्हा दिसली नाही. या घरापुरतं सांगायचं तर मांत्रिकाच्या आधी गवंडी बोलावलेला बरा.

दुसरी गोष्ट एका पंख्याची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विक टँडी हे इंग्रज अभियंते वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होते. जागेबद्दल कुजबुज होतीच. एका रात्री ते एकटे बसले असताना अंगाला दरदरून घाम फुटला, मानेवरचे केस उभे राहिले, आणि डाव्या बाजूला, नजरेच्या अगदी काठावर, काहीतरी करडं उभं दिसलं. धीर करून तिकडे वळले तर ते विरून गेलं.

इथे दुसरा कोणी असता तर नोकरी सोडून गेला असता. टँडींना दुसऱ्या दिवशी तलवारबाजीच्या स्पर्धेला जायचं होतं. तलवारीचं पातं दुरुस्त करायला त्यांनी ते वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळलं आणि तेल आणायला गेले. परत येऊन बघतात तर पात्याचं मोकळं टोक थरथरतंय. हात लावलेला नाही, वारा नाही. आदल्या रात्रीनंतर हे बघून कोणाचीही बोबडी वळली असती. त्यांनी वाइस जमिनीवरून सरकवत नेला. खोलीच्या मध्याकडे थरथर वाढत गेली, पलीकडच्या टोकाला थांबली. म्हणजे खोलीत एक लहर ठाण मांडून होती. गणित केलं तर सेकंदाला जवळपास १९ कंपनं. आपले कान साधारण २० च्या खालचं ऐकत नाहीत. आवाज कानांना नाही, पण अंगाला लागत होता. उगम होता नव्यानं बसवलेला, हवा बाहेर फेकणारा पंखा. त्याची बैठक बदलली आणि लहर गेली. १९९८ मध्ये टोनी लॉरेन्स यांच्याबरोबर त्यांनी हे सगळं लिहून काढलं.

हे स्पष्टीकरण लोकांना फारच आवडलं. इतकं, की आता कुठेही भूत निघालं की कोणीतरी '१९ हर्ट्झ' म्हणून मोकळं होतं. साप साप म्हणून भुई धोपटणारे अशिक्षितच असतात असं नाही.

(पांढरी, गोल, रिकामी खोली.)

लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम एक 'झपाटलेली' खोली बांधली. ७९ जणांना साधारण ५० मिनिटं तिच्यात राहायला सांगितलं. काहींच्या वेळी न ऐकू येणारा ध्वनी सोडला, काहींच्या वेळी विद्युतचुंबकीय क्षेत्र, काहींच्या वेळी दोन्ही, आणि काहींच्या वेळी काहीच नाही. काहीतरी वेगळं जाणवू शकेल, एवढं मात्र सगळ्यांना सांगितलं होतं. २००९ मध्ये निष्कर्ष छापले. पुष्कळांना चित्रविचित्र अनुभव आले. पण ध्वनी किंवा क्षेत्र चालू असण्या-नसण्याशी त्यांचा मेळ बसेना. काहीच न सोडलेल्या खोलीतही ते आलेच. मग काम कशानं केलं? सर्वांत साधं उत्तर म्हणजे त्या एका वाक्यानं.

१९९७ मध्ये याहून सोपा प्रयोग झाला होता. एक बंद पडलेलं नाट्यगृह, २२ माणसं. अर्ध्यांना सांगितलं, इथे भुताटकी आहे. उरलेल्यांना सांगितलं, डागडुजी चालू आहे. इमारत तीच, धूळही तीच. जास्त 'अनुभव' कोणाला आले, हे सांगायला नकोच. मन चिंती ते वैरी न चिंती.

आता सगळं मनाचंच म्हणून फाइल बंद करता आली असती, पण ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांचं काम आडवं येतं. त्यांनी हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आणि एडिनबराच्या पुलाखालच्या तळघरांत शेकडो माणसं फिरवली, कुठे काय वाटलं ते विचारलं. विचित्र वाटल्याच्या नोंदी बदनाम जागांमध्येच दाटून आल्या. आणि बदनामी आधी ऐकलेली असो वा नसो, त्यानं विशेष फरक पडला नाही. फरक पडत होता तो उजेड किती, जागा केवढी, अशा गोष्टींनी. म्हणजे घरही काहीतरी करतं. मला वाटतं, टोचणी घराकडून किंवा शरीराकडून येते आणि तिला नाव कहाणी देते.

शरीराकडून किती येऊ शकतं, याचा एक नमुना. २००६, स्वित्झर्लंड. अपस्माराच्या उपचारांसाठी २२ वर्षांच्या एका तरुणीचा मेंदू तपासत होते. डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या भागात सूक्ष्म विद्युतप्रवाह दिला आणि तिला वाटलं, मागे कोणीतरी आहे. ती आडवी होती तर तो खाली आडवा. ती उठून गुडघ्यांना मिठी मारून बसली, तर त्यानं तिला मिठी मारली, आणि ते तिला नकोसं झालं. तो तिचीच नक्कल करत होता, कारण तो म्हणजे तीच होती. स्वतःचं शरीर कुठे आहे हा मेंदूचा हिशेब जरासा चुकला होता, इतकंच.

आणि हा हिशेब चुकायला वीज लागतेच असं नाही. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू स्नायू बंद ठेवतो. कधीकधी डोळे आधी उघडतात आणि स्नायू मागे राहतात. खोली दिसतेय, बोट हलत नाही, छातीवर वजन, दाराशी कोणीतरी. शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात कधी ना कधी हे होतं. जपानीत त्याला 'धातूनं जखडणं' म्हणतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हणतात, म्हातारी येऊन बसली. (ही संहिता रात्री लिहिताना या परिच्छेदापाशी मी उठून दिवा लावला, हे कबूल करून टाकतो.)

(रिकामी खुर्ची. खिडकीतून सकाळचं ऊन.)

शेवटचं घर. इथे भाव पडलेला नाही, कुजबुज नाही.

मध्य वेल्समध्ये ड्यूई रीस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी आपल्या भागातल्या २९३ विधवा आणि विधुरांना घरोघरी जाऊन विचारलं, तुमचं माणूस गेल्यानंतर ते कधी आसपास जाणवलं का? १९७१ मध्ये त्यांनी उत्तरं छापली. जवळजवळ निम्म्यांना जाणवलं होतं. ३९ टक्क्यांना नुसतं असल्यासारखं वाटायचं, १४ टक्क्यांना दिसलं होतं, साधारण तितक्यांनाच आवाज आला होता. संसार जितका लांबलेला, तितकं प्रमाण जास्त.

खोलीत कोणी नसताना कोणीतरी असणं, हे तेच. पण इथे घर सोडून कोणी पळालं नव्हतं. बहुतेकांना त्याचा आधार होता, आणि त्याला भूत म्हणावं असं फारसं कोणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

रीस यांच्याआधी बहुतेकांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, असं विचारल्यावर बऱ्याच जणांना कारण देता आलं नाही. ज्यांना आलं, त्यांच्यात जास्त वेळा निघालेलं उत्तर होतं, लोक हसतील.

(खुर्ची. जिन्याची पायरी एकदा वाजते. काळोख.)